बडोद्याचा ग्रंथपालांचा पहिला वर्ग

१९११ साली बडोदे शहरात एक आगळा वर्ग भरू लागला. शिकविणारे गृहस्थ अमेरिकन होते, शिकणारे उमेदवार बडोदे संस्थानच्या ग्रंथालयांसाठी तयार व्हावयाचे होते, आणि शिकण्याचा विषय होता ग्रंथालय चालविणे. ग्रंथपालाच्या व्यवसायाचे रीतसर शिक्षण देणारा हिंदुस्थानातील हा पहिला वर्ग होय. कपाटातून पुस्तक काढून द्यावयाचे आणि परत आले की जागेवर ठेवावयाचे, एवढ्यासाठी शाळा कशाला हवी, असा प्रश्न तेव्हाही लोकांना पडला असेल. तो आजही पडतो. गावोगावच्या वाचनालयांच्या कार्यकारिणीत बसणाऱ्या भल्या माणसांनाही तो पडतो, म्हणूनच हा इतिहास थोडा विस्ताराने सांगावासा वाटतो.

वाचनालये आपल्याकडे त्याआधीही होती. रत्नागिरीचे १८२८ सालचे, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ सालची, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे आणि मुंबईचे १८९८ सालचे. या संस्था काढणाऱ्यांनी मराठी भाषेवर अपार उपकार केले आहेत. परंतु त्या काळची वाचनालये बहुतेक वर्गणीदारांची असत. चिटणीस कोणी वकील, शिक्षक वा सरकारी नोकरीतला सुशिक्षित गृहस्थ असे आणि तो फावल्या वेळात कारभार पाही. पुस्तकांना प्रत्यक्ष हात लागे तो एखाद्या कारकुनाचा किंवा शिपायाचा. वाचकाने छापील यादी पाहून नाव सांगावयाचे, शिपायाने कुलूप उघडून पुस्तक काढावयाचे. जे नाव वाचकाला ठाऊक नाही ते पुस्तक त्याच्या दृष्टीने त्या वाचनालयात नव्हतेच. आणि ज्याच्याजवळ वर्गणी नाही त्याच्या दृष्टीने ते वाचनालयच गावात नव्हते.

युरोपातही सार्वजनिक ग्रंथपाल ही कल्पना फार जुनी नाही. संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमावलीत उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक मठवासीयाला ग्रंथालयातील एकेक पुस्तक द्यावे आणि त्याने ते अथपासून इतिपर्यंत वाचावे, असा दंडक आहे. पुस्तक माणसाच्या हाती पडले पाहिजे ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते. पण मठातील पुस्तक मठवासीयासाठी होते. पुढे कित्येक ठिकाणी ग्रंथ साखळीने मेजाला किंवा फळीला बांधून ठेवू लागले. इंग्लंडमध्ये हेरेफर्डच्या कॅथीड्रलमध्ये अशा साखळदंडी ग्रंथांचे दालन आजही पाहावयास मिळते. हाताने लिहिलेल्या पोथीचे मोल लक्षात घेतले तर त्या साखळीला हसण्याचे कारण नाही. मात्र त्या परंपरेत तयार झालेला ग्रंथरक्षक मुख्यत: राखणदार होता. जो कोणी दार ठोठावील त्याला आत घेणारा ग्रंथपाल हा निराळा माणूस, आणि तो घडवावा लागतो हे जगाच्या ध्यानात यावयाला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली.

५ जानेवारी १८८७ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात मेल्विल ड्युई यांनी ग्रंथपालांची जगातील पहिली शाळा उघडली. दशांश वर्गीकरणाची आपली पद्धती त्यांनी त्याआधी अकरा वर्षे, म्हणजे १८७६ साली, प्रसिद्ध केली होती. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. पैकी सतरा स्त्रिया! कॉलेजच्या विश्वस्तांना हे मुळीच रुचले नाही. त्यांनी वर्गासाठी खोली देण्याचे नाकारले. तेव्हा ड्युई यांनी रस्त्यापलीकडची एक अडगळीची जागा झाडून घेतली, मिळेल ते सामान आणून मांडले आणि ठरल्या दिवशी वर्ग सुरू केला. दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, ही शाळा कोलंबियातून उठून ऑल्बनी येथील राज्य ग्रंथालयात गेली. तेथे सुवाच्य आणि एकसारखे अक्षर काढण्याचाही पाठ असे, कारण तालिकेची पत्रे तेव्हा हाताने लिहीत आणि एकाचे अक्षर दुसऱ्याला लागले नाही तर सारी तालिकाच व्यर्थ. ड्युई यांच्या चरित्राची दुसरी बाजू मात्र झाकून ठेवता येत नाही. ज्यू लोकांना मज्जाव करणारा क्लब त्यांनी चालविला, त्यावरून उठलेल्या गदारोळात १९०५ साली त्यांना राज्य ग्रंथपालाचे पद सोडावे लागले. स्त्रियांशी त्यांची वर्तणूकही आक्षेपार्ह होती. अमेरिकन ग्रंथालय संघाने २०१९ साली आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढून टाकले. स्त्रियांना या व्यवसायाचे दार उघडून देणाऱ्या माणसाविषयी हे लिहावे लागते, याचे वाईट वाटते.

आता बडोद्याकडे वळू. सयाजीराव महाराजांचा जन्म १८६३ सालचा, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यानंतर इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याने चार भाषांचा अभ्यास केला. ज्याला अक्षर उशिरा भेटते त्याला त्याची किंमत अधिक कळत असावी. महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात ज्याची नुसती चर्चा चालली होती ते येथे अमलात आले.

पण सक्तीच्या शिक्षणातून एक नवाच पेच उभा राहिला. चार इयत्ता शिकून मुलगा शाळेबाहेर पडे, शेतावर जाई आणि घरात किंवा गावात वाचावयाला काहीच नसल्यामुळे पाच-सहा वर्षांत अक्षर विसरून जाई. शाळेवर केलेला खर्च पाण्यात! १९०६ सालच्या अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील मोफत सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि या पेचाचा उलगडा त्यांना तेथे दिसला. शाळेमागोमाग ग्रंथालय गेले पाहिजे, हे त्यांनी हेरले. केवळ पुस्तके विकत घेऊन ते होणार नाही, हेही त्यांनी त्याच वेळी हेरले. माझ्या मते त्यांची खरी दूरदृष्टी या दुसऱ्या गोष्टीत आहे. पुस्तके विकत घेणारे राजे पुष्कळ झाले. पुस्तके चालविणारी माणसे तयार करावी असे मनात आणणारा राजा विरळा.

१९१० साली त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. बॉर्डन कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल होते आणि त्यांनी बॉस्टनला चार्ल्स कटर या थोर ग्रंथपालाच्या हाताखाली काम केलेले होते. महाराजांनी राजवाड्यातील आपला सुमारे वीस हजार ग्रंथांचा खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. बॉर्डननी त्याची बांधणी केली. पुस्तकांसाठी वर्गणी नाही आणि वाचकाने स्वत: फळीपाशी जाऊन पुस्तक निवडावयाचे, अशी मुक्तद्वार पद्धती तेथे सुरू झाली. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय झाली. मुलांना तेथे खेळही मिळत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नची चित्रे आणि सिनेमा दाखविणारी एक शाखाही या खात्यात निघाली. निरक्षर माणसालाही ग्रंथालयाचा वाचक मानणे हा विचार त्या काळी फार पुढचा होता.

बॉर्डन आपल्याला येथे थोडीच वर्षे राहावयाचे आहे हे जाणून होते. म्हणून वर्ग काढणे हेच त्यांचे मुख्य काम म्हटले पाहिजे. ग्रंथपालाला काय काय यावे लागते ते पाहा. आलेले पुस्तक दाखल नोंदवहीत कसे चढवावे, त्याचा विषय कोणता हे कसे ठरवावे, त्याला वर्गांक कसा द्यावा, तालिकेचे पत्र कसे लिहावे, देवघेव कशी नोंदवावी, फाटके पुस्तक केव्हा बांधावे आणि केव्हा काढून टाकावे. ऐकताना ही कारकुनी वाटते. पण यातील विषय ठरविणे आणि वर्गांक देणे या दोन गोष्टींपाशी माणसाच्या बुद्धीचा कस लागतो.

एकच उदाहरण देतो. ड्युई यांच्या पद्धतीत धर्मासाठी २०० ते २९९ हे आकडे आहेत. त्यांतील २२० ते २८० पर्यंतची सारी घरे बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांना दिली आहेत. जगातील इतर सर्व धर्मांनी मिळून २९० या एका घरात दाटीवाटीने राहावयाचे! ख्रिस्ती वाचकाला हे पाहून क्षणभर बरे वाटेल, परंतु महाराष्ट्रातील एखाद्या वाचनालयात ही व्यवस्था जशीच्या तशी आणली तर काय होईल? मोकळ्या घरांत बायबलच्या चार-दोन प्रती आणि वेद, उपनिषदे, गीतेवरील भाष्ये, पुराणे या साऱ्यांची गर्दी २९४ नंतरच्या दशांश चिन्हापुढे. साहित्याचेही तेच. इंग्रजी साहित्याला ८२० चा प्रशस्त वाडा आणि अवघ्या मराठी साहित्याला ८९१.४६ ही कोपऱ्यातील खोली. पोथीपासून कादंबरीपर्यंत सारे त्यात. पुन्हा ग्रंथकाराच्या नावाचा घोळ आहेच. पाश्चात्त्य तालिकेत आडनाव आधी. ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांना आडनावाखाली शोधावयाला कोणता वाचक जाईल? फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ सालचे. ते धर्मात ठेवावे की मराठी काव्यात? दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि ज्या गावातील वाचक ते ज्या जागी शोधील ती जागा अधिक बरोबर आहे. हे आकड्यांच्या पुस्तकात लिहिलेले नसते. बॉर्डन यांनाही अडचण उमगली असावी. कटर यांची अक्षरे आणि ड्युई यांचे अंक यांचा मेळ घालून त्यांनी बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण रचले.

१९१३ साली बॉर्डन मायदेशी परतले. परदेशी तज्ज्ञ गेला की त्याच्यामागून त्याने मांडलेला खेळही उठतो, असा आपल्याकडचा अनुभव आहे. बडोद्यात तसे झाले नाही, कारण माणसे तयार होती. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ग्रंथालय खात्याची धुरा वाहिली आणि नंतर न्यूटन मोहन दत्त यांनी. १९१२ पासून बडोद्याहून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले होते. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभाग असत. ग्रंथालय कसे चालवावे याविषयी नियमित मराठी लेखन त्या काळी छापले जात होते, ही गोष्ट मराठी वाचकांनी अभिमानाने आठवावी अशी आहे. हे नियतकालिक १९१९-२० च्या सुमारास बंद पडले. कुडाळकरांनी १९१९ साली या साऱ्या चळवळीवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले.

शहरातील ग्रंथालयाचे हे झाले. खेड्याचा प्रश्न निराळा होता आणि तेथे बॉर्डन यांच्या वर्गातील विद्या तोकडी पडली असती. त्या ठिकाणी मोतीभाई अमीन हे नाव घेतले पाहिजे. चरोतरातील हा शाळाशिक्षक. बॉर्डन येण्याच्या चार वर्षे आधीपासूनच तो मित्रमंडळे जमवून गावोगाव वाचनालये काढीत होता. महाराजांनी त्यांना खात्यात घेतले आणि खेड्यांतील ग्रंथालयांचे काम त्यांच्याकडे सोपविले. गावकऱ्यांनी वर्गणी जमवून एक हिस्सा उभारावयाचा, मग तेवढाच हिस्सा प्रांत पंचायतीने आणि तेवढाच संस्थानने द्यावयाचा, अशी योजना होती. ज्या गावी तेवढेही जमत नसे तेथे फिरत्या वाचनालयाची लाकडी पेटी जाई. एका पेटीत पंधरा ते तीस पुस्तके, वाहतुकीचा खर्च सरकारचा. पेटी आली की कोणीतरी ती उघडून पुस्तके वाटावयाची, महिना-दोन महिन्यांनी गोळा करून परत धाडावयाची. हा ‘कोणीतरी’ बहुधा गावचा शिक्षक असे.

येथे मला या इतिहासातील मर्माची गोष्ट दिसते. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात शिकलेला ग्रंथपाल होता, पगार होता, तालिकेची पत्रे होती. खेड्यात दिवसभर मुले शिकवून थकलेला मास्तर होता आणि पेटी होती. मोतीभाईंना वर्गांक शिकविणारा कोणी भेटला नसेल, परंतु कोणत्या घरातील तरुण वाचील, कोणाला वाचून दाखवावे लागेल, कोणत्या ओट्यावर लोक संध्याकाळी जमतात हे त्यांना ठाऊक होते. आणि बॉर्डन यांना खेड्याचा ओटा ठाऊक नसला तरी वीस हजार पुस्तकांतून हवे ते एक पुस्तक अर्ध्या मिनिटात कसे काढावे हे ते शिकवू शकत होते. एकाच खात्यात ही दोन्ही माणसे काम करीत होती, म्हणून बडोद्याचा प्रयोग फळाला आला. दुर्दैवाने पुढच्या काळात ग्रंथपालाचे शिक्षण म्हणून जे काही हिंदुस्थानभर पसरले त्यात बॉर्डन यांचा वारसा आला आणि मोतीभाईंचा मागे राहिला.

ते कसे पसरले हे थोडक्यात सांगतो. १९१५ साली लाहोरला पंजाब विद्यापीठाने आसा डॉन डिकिन्सन या दुसऱ्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून वर्ग काढला. पुढच्याच वर्षी त्यांचे पाठ्यपुस्तक छापून निघाले. विद्यापीठाने चालविलेला हा आपल्याकडील पहिला वर्ग.

मद्रासची कथा अधिक मनोरंजक आहे. शियाळी रामामृत रंगनाथन हे प्रेसिडेन्सी कॉलेजात गणिताचे अध्यापक होते. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले ते काही ग्रंथालयाच्या ओढीने नव्हे. आठवडाभरातच त्या निर्मनुष्य दालनाचा त्यांना इतका कंटाळा आला की ते परत कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले आणि मला पुन्हा शिकवावयाला घ्या म्हणून विनवू लागले. प्राचार्यांनी सुचविले, आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथपालाचे शिक्षण घेऊन या, मगही कंटाळा आला तर पाहू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील १९१९ साली निघालेल्या शाळेत ते दाखल झाले. तेथे बर्विक सेयर्स हे त्यांचे शिक्षक. सेयर्स क्रॉयडन या गावचे सार्वजनिक ग्रंथपाल होते. त्यांच्या ग्रंथालयात आणि इतर अनेक ग्रंथालयांत रंगनाथन हिंडले. कामगार, गृहिणी, शाळकरी पोरे सारे आत येतात, कोणी त्यांना अडवीत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि गणिताचा अध्यापक गणिताकडे परतला नाही. १९२९ साली त्यांनी मद्रासला ग्रंथपालांचा उन्हाळी वर्ग काढला. १९३१ मध्ये तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला आणि त्याच वर्षी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणारा त्यांचा ग्रंथ निघाला. त्यांतील पहिलाच नियम, ग्रंथ वापरासाठी असतात हा, हेरेफर्डच्या साखळीला दिलेले उत्तर आहे. वर्गीकरणाची त्यांची द्विबिंदू पद्धती १९३३ सालची. भारतीय विषयांना ड्युईंच्या कोपऱ्यातील खोलीतून तिने बाहेर काढले. व्यवहारात मात्र आपली बहुतेक वाचनालये ड्युईंच्याच आकड्यांवर चालत राहिली. सोपे तेच टिकते.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा प्रथम केला तो कोल्हापूर संस्थानने, १९४५ साली. हिंदुस्थानातील असा तो पहिला कायदा. पण १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि तो फारसा अमलात येण्यापूर्वीच मागे पडला. मुंबई विद्यापीठात ग्रंथपालनाची पदविका चाळीसच्या दशकात सुरू झाली. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्यानंतर जिल्हा ग्रंथालय संघांच्या प्रमाणपत्र वर्गांतून खेड्यापाड्यांतील तरुण-तरुणी हे शिक्षण घेऊ लागले. शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेल्याला परवडेल असा हा अभ्यासक्रम. माझ्या मते राज्यातील वाचनाची भिस्त विद्यापीठांच्या पदव्यांपेक्षा या साध्या वर्गांवर अधिक राहिली आहे.

परंतु १९६७ च्या कायद्याने ग्रंथालये सरकारी केली नाहीत. ती स्थानिक संस्थांनी चालवावयाची आणि सरकारने अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यावयाचे. राज्यात अशी दहा हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली, हे या पद्धतीचे यश. ग्रंथपाल सरकारचा सेवक नाही, संस्थेचा आहे, आणि त्याचे वेतन अनुदान किती व केव्हा येते त्यावर ठरते, ही त्याच पद्धतीची दुसरी बाजू. वर्ग पुरा केलेली हुशार मुलगी दोन वर्षे गावच्या वाचनालयात काम करते आणि एखाद्या महाविद्यालयात जागा निघाली की निघून जाते. तिला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? तिच्या जागी पुन्हा कोणीतरी येतो. बडोद्याच्या पेटीजवळ उभा असलेला तोच ‘कोणीतरी’.

बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात आले आणि १९६० साली बडोदे गुजरातेत गेले. ज्या भूमीवर एका राजाने १९१० मध्ये मोफत ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली त्या राज्याला ग्रंथालयाचा कायदा करावयाला २००१ साल उजाडले. ड्युई यांची शाळा १९२६ मध्ये ऑल्बनीहून पुन्हा कोलंबिया विद्यापीठात आली होती. तेथे ती १९९२ साली बंद झाली. त्याच कोलंबियात १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण शिकावयाला गेला होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. पुढे मुंबईत दादरला घर बांधताना त्यांनी आपल्या पुस्तकांसाठी ऐसपैस जागा ठेवली आणि त्या घराला राजगृह हे नाव दिले.